आंधळ्या खिडकीमागची राणी

२४ जुलै १८५१ रोजी इंग्लंडमधील खिडक्यांवरचा कर रद्द झाला. श्रॉपशरमधल्या मार्लकोट हवेलीत या बातमीने एकच व्यक्ती हादरली: मुख्य कारभारीण टॅबिथा पाउन्सेट.

हवेली पाहायला येणाऱ्या परक्या मंडळींना फिरवून आणण्याचा मान कारभारणीचा, आणि बक्षिसीही तिचीच. मार्लकोटमध्ये पाहण्यासारखे मात्र फारसे नव्हते. पुढे ग्रीक देवळाचा आव आणणारे खांब, मागे गळके छप्पर आणि मधे पूर्वजांच्या तसबिरी. त्यांत हनुवटी अशी कोणालाच नव्हती. म्हणून बाईंनी दर्शनी भिंतीतली विटांनी बुजलेली एक खिडकी हाताशी धरली. "कर चुकवायला थोरल्या मालकांनी बुजवली," त्या आवाज खाली आणून सांगत, "आणि मागची खोली तशीच राहिली. एलिझाबेथ राणी निजली होती तिथे." राणी वारल्यावर सव्वाशे वर्षांनी हवेली बांधली गेली होती, पण हिशेब करणारा पाहुणा तोवर आला नव्हता.

मालक सर बार्नबी यांचाही या खोलीवर विश्वास होता.

"पाउन्सेटबाई, कर गेला! उद्याच खिडकी फोडू."

"नको मालक. इतक्या वर्षांची कोंडलेली हवा, आपल्या छातीला बाधेल."

"छातीचं मी बघतो. पण आत खोली निघाली नाही, तर तुमचं हे लोकांना फिरवणं बंद. माझ्या घरात थापा चालायच्या नाहीत."

सकाळी जॉब टिमिन्स गवंड्याने शिडीवर चढून विटा काढल्या. पहिले दर्शन आपलेच, म्हणून सर बार्नबी त्याला खाली उतरवून स्वतः वर गेले आणि त्यांनी भोकात खांद्यापर्यंत डोके घातले. नेमके तेव्हाच खाली स्वयंपाकघरात मोठी चूल पेटवली गेली आणि भोकातून काजळीसकट काळा धूर उसळला.

विटांमागे खोली नव्हती, चुलीचे धुराडे होते. दर्शनी भिंतीत डावीकडे खिडकी, म्हणून उजवीकडेही खिडकी. आत धुराडे असले तरी बाहेरून तोल साधला पाहिजे, एवढाच बांधणाऱ्याचा विचार होता. ही खिडकी कधी उघडी नव्हतीच. मालक बाहेर आले ते डोळ्यांच्या पांढऱ्यावरूनच ओळखू येत होते.

"राणीसाहेब चुलीवर निजायच्या का हो?" जॉबने विचारले.

"तोंड बंद ठेव! बाई, आजपासून एकही पाहुणा नको!"

"जशी आज्ञा," बाई रुमाल पुढे करत म्हणाल्या. "पण लोक विचारणारच, खोली कुठे गेली? मग काय निघालं, कोणी पाहिलं, कसं पाहिलं, सगळंच सांगावं लागेल. शेजारच्या सरदारीणबाई तर परवाच यायच्या आहेत."

मालक बराच वेळ खोकत राहिले.

"टिमिन्स," ते शेवटी म्हणाले, "विटा परत लाव. राणी झोपली आहे."

मार्लकोटचा आराखडा कोणी काढला, हे अद्याप कळलेले नाही. भिंतीमागे धुराडे आहे हे पाउन्सेटबाईंना आधीपासून ठाऊक होते काय, आणि त्या सकाळी चूल कोणाच्या सांगण्यावरून पेटली, हेही अज्ञातच आहे.