पाटावरचा हत्ती

बाई, तुमच्या चाळीत भोंडल्याला पोरी खिदळत होत्या, तेव्हा त्यांच्यातली कोण रडत होती, ते कधी पाहिलंत का?

तुमच्याच घाटकोपरच्या चाळीतली विमला पंधरा वर्षांची. बाप धोंडू कुर्ल्याच्या गिरणीत. पोर थोराड, अंगानं भरलेली. नळावर, जिन्यात, शाळेच्या वाटेवर तिला नाव एकच, ढोली. जिना चढायला लागली की मागून कुणीतरी म्हणायचंच, सांभाळा गं, फळ्या मोडतील. तीन वर्षं तिला भोंडल्याच्या फेरात कुणी घेतलं नव्हतं. तिचा हात धरायलाच कुणी तयार नसे.

त्रेपन्न सालच्या नवरात्रात कुंदानं स्वतः हाक मारली. कुंदा म्हणजे कारकून अण्णांची लेक, पोरींची म्होरकी. विमलानं धुतलेला परकर नेसला, वेणीत फूल खोवलं आणि धावत खाली गेली.

"ये गं," कुंदा म्हणाली, "आज पाटावर खडूचा हत्ती काढलाच नाही. तूच बस."

विमलाला वाटलं, थट्टा आहे, संपेल, मग फेरात घेतील. बसली. पोरी तिच्याभोवती फिरत गाऊ लागल्या. आधी फुलं आली, मग खडे. मग कुंदानं तिच्या पोटाला चिमटा घेऊन पिळला आणि विचारलं, "हत्तीण कितव्या महिन्यात आहे गं?"

विमला उठली. बुडाखालचा पाट उचलला आणि कुंदाच्या तोंडावर हाणला. दोन दात रांगोळीत पडले. दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसरा बसायच्या आत बायांनी पाट हिसकला.

धोंडू पाळीवरून आला तो सरळ पट्टा घेऊनच गॅलरीत. सगळी चाळ बघायला उभी. अण्णांनी बजावलं, पोरीनं कुंदाच्या पाया पडावं, नाहीतर शाळेत कळवतो, आणि फेर तर जन्मात विसरा. पट्टा पाठीवर, पोटऱ्यांवर, कातडं फुटेस्तोवर. विमला कठडा धरून उभी.

"मी पाया पडूचंय नाय," ती म्हणाली. "तिका आधी विचारा, माझ्या पोटाक हात कित्याक लावल्यान?"

एकानंही विचारलं नाही. अण्णांनी शाळेत कळवलं, तिची शाळा सुटली ती सुटलीच.

पाट मारला ते वाईटच, कोण नाही म्हणतंय? पण कुंदाचे पडलेले दात चाळीला दिसले, विमलाची पाठ पोलक्याखाली राहिली. आता ती चाळीची दळणं आणते, अर्धा मण डोक्यावर सहज. तेव्हा बरं तिच्या अंगाचं कुणाला हसू येत नाही!

यंदाही भोंडला मांडतील. ती वर कठड्याशी उभी असेल, आणि खालून हाक मारलीत तर येणार नाही. बाई, तुम्ही स्वतः जिना चढा. तिचा हात धरा आणि तिला फेरात आणा.