हे पाय कुणाचे?

“हे पाय कुणाचे?”

चौधरी सरांचा आवाज हॉलच्या पार दुसऱ्या टोकावरून आला. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या मुली जागच्या जागी थांबल्या.

“माझेच, सर.”

“पाय तुझे, ते दिसतंय. हे उभं राहणं कुणाचं?”

मी खाली बघितलं. दोन्ही पायांचे चवडे आत वळलेले, गुडघे जवळ, पाऊल आखूड. पायांनी माझी चुगली केली होती. मी मुलींना शिकवण्याच्या नादात होते आणि शरीर आपोआप धुळ्यासारखं उभं राहिलं होतं.

ज्यांनी कराटे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कराटेत बऱ्याच शैली आहेत, आपल्या गाण्यात घराणी असतात तशा. आमची जळगावची शैली लांब पावलांची. खाली बसायचं, दुरून झेपावायचं, सरळ पंच मारायचा. धुळ्याला बोरसे नाना शिकवत, त्यांची शैली जवळच्या मारामारीची. तिथे पाऊल आखूड, कोपर पोटाशी. भाजी चाखून सासू जशी सुनेचं माहेर ओळखते, तसं जाणकार माणूस नुसतं उभं राहणं बघून गुरू ओळखतो. चौधरी सर जाणकार होतेच.

तेव्हा मी जळगावला एका मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. संध्याकाळी तिथल्याच मेहरूण भागात मुलींचा कराटे क्लास घ्यायचे, सरांच्या नावाखाली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मुलींनी पांढरा ड्रेस घालून लाथा मारायच्या, हेच गावाला पचत नव्हतं. सरांनी मला शिकवलं तेव्हा त्यांनाही लोकांनी नावं ठेवली होती. त्यांनी कधी मुलगी म्हणून सूट दिली नाही आणि मुलगी म्हणून हाकललंही नाही. ते उपकार मी कधी नाकारले नाहीत, आजही नाकारत नाही.

पण एक दिवस वंदना क्लासला आली ती फुल बाह्यांचा ब्लाऊज घालून. दहावीतली पोर, क्लासमधली सगळ्यात चपळ. बाही वर केली तर मनगटावर काळेनिळे वळ. बस स्टँडवर एकाने हात धरला होता. लोक बघत होते म्हणून शेवटी सोडला.

“मॅडम, तो इतका जवळ होता,” ती म्हणाली, “की पंच मारायला हात लांबच करता येईना.”

मी सरांना विचारलं. सर म्हणाले, “बेसिक पक्कं करून घे. अंतर ठेवलं तर कुणी धरतच नाही.” मला ते पटलं नाही. एस.टी.च्या गर्दीत अंतर कुठून आणायचं?

माझं माहेर धुळ्याचं. रविवारी एरंडोल-पारोळ्यावरून जाणारी बस धरायची आणि आईला तोंड दाखवून बोरसे नानांकडे जायचं, असं मी ठरवलं. जाण्याआधी सरांच्या कानावर घातलं. “बघून यायला कोण नाही म्हणतं?” सर म्हणाले. बघणं आणि शिकणं यातला फरक तेव्हा त्यांनी सांगितला नाही, मीही विचारला नाही.

नाना साठीचे, धिप्पाड, बोलणं अस्सल अहिराणी. माझा काळा पट्टा बघून त्यांनी पहिला प्रश्न केला, “तुना सरले माहीत शे ना?”

“माहीत आहे, नाना.”

“मंग तुना पट्टा तठेच राहू दे, माय. आठे पांढरा बांध आनि मांगे उभी राह्य.”

ही आमच्यातली रीतच आहे. दुसऱ्याच्या दारात जायचं तर नवशिक्याचा पांढरा पट्टा बांधून, शेवटच्या रांगेत उभं राहायचं. मी राहिले. पुढच्या रांगेतली शाळकरी पोरं मला चुका सांगत होती. मनगट सोडवायचं तर ओढायचं नाही, उलट आत घुसायचं, हे मी तिथे शिकले आणि मेहरूणला येऊन मुलींना शिकवलं. तिथेच पायांनी घोळ केला.

“शिकायला जातेस होय!” सर त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले. “एक ना धड, भाराभर चिंध्या. गुरुपौर्णिमेला गुरूंच्या फोटोला हात लावून सांगायचं, गुरू एकच. नाहीतर तुझी एकही मुलगी परीक्षेला बसणार नाही.”

परीक्षा म्हणजे पट्ट्याची परीक्षा. ती घ्यायचा अधिकार सरांकडे होता. वंदनाचा तपकिरी पट्टा व्हायचा होता, तो झाला की पुढे काळाच. वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या मुलींचं मी वाटोळं करणार होते की त्यांना अर्धवट शिकवणार होते, एवढंच मला ठरवायचं होतं. रात्री झोप लागेना. सरांचा राग यायचा आणि त्यांची भीतीही वाटायची.

गुरुपौर्णिमेला हॉलमध्ये भिंतीवरच्या फोटोंना हार घातले होते. सगळ्यात वर आमच्या शैलीचे मूळ गुरू, ज्यांना आम्ही जपानी आजोबा म्हणत असू ते, त्यांच्याखाली सरांचे मुंबईचे गुरू आणि त्यांच्याखाली खुद्द सर. दरवर्षीप्रमाणे सरांनी आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा दोन गुरूंकडे शिकले. दोघांची पद्धत वेगळी, पण दोघांनी मन मोठं करून शिकवलं. सांगताना सर दरवर्षी फोटोला हात जोडायचे, तसे यंदाही जोडले.

मग त्यांनी मला बोलावलं. “ये. हात लाव आणि सांग.”

मी पुढे गेले. “सर, आत्ता तुम्हीच सांगितलंत, आजोबांचे गुरू दोन होते.”



“गुरूची विद्या गुरूलाच?” सर म्हणाले. “ती थोर माणसं होती.”

“थोर होण्याआधी शिकाऊच होती ना, सर?”

“पट्टा काढ.”

मी काढला. घडी घालून फोटोंच्या खाली ठेवला. डोळ्यांतून पाणी येऊ दिलं नाही. मुलींना म्हटलं, “तुम्ही इथेच थांबा. तुमची परीक्षा आहे.”

तेवढ्यात वंदना रांगेतून बाहेर आली. सरांना वाकून नमस्कार केला आणि उजवा हात पुढे केला.

“सर, मनगट धरल्यावर काय करायचं?”

“धरूच द्यायचं नाही. अंतर ठेवायचं.”

“धरलंय, सर.”

सर चिडले आणि खरंच त्यांनी तिचं मनगट धरलं. मोठ्या पंजाचा माणूस. “आता ओढ!” वंदनाने ओढलं नाही. ती त्यांच्या अंगाशी घुसली, कोपर वर आला आणि हात सरांच्या अंगठ्याच्या फटीतून सुटला. कोपर सरांच्या छातीपासून बोटभर अंतरावर थांबवून ती मागे सरली आणि पुन्हा वाकली.

“हे धुळ्याचं,” सर म्हणाले.

“हो, सर.”

“मग पट्टाही तिकडूनच घे.”

ती माझ्यामागून बाहेर आली, मागोमाग बाकीच्या मुलीही. परीक्षा बुडाली ती बुडालीच. मेहरूण तलावाकाठी मोकळ्या जागेत आम्ही पुन्हा क्लास मांडला, सगळ्यांनी पांढरे पट्टे बांधून. निम्म्याहून जास्त मुली गळाल्या. पट्टा मिळणार नसेल तर पोरीला उन्हात का काळवंडू द्यायचं, असं आईबाप म्हणाले. त्यांना मी दोष देत नाही. वंदनाची आई अमळनेरकडची. तिला मी चाचरत सगळं सांगितलं तर तिने हात उडवला. “पट्टा काय चाटाना शे, मॅडम? पोर सुखरूप घर येवाले पाहिजे.”

त्या शिकण्याचं नंतर खरंच काम पडलं. वंदना कॉलेजात जायला लागली होती. त्याच बस स्टँडवर एकाने तिचा हात धरला. दुसऱ्या दिवशी ती क्लासला आली ती हसतच.

“सोडवलास?”

“आत घुसले आणि सोडवला, मॅडम. तो परत अंगावर आला. मग लांब पाऊल टाकलं आणि सरळ पंच.”

“पंच तर जळगावचा झाला!”

“तेव्हा कुठे विचार करत बसू?”

मला राहवलं नाही. चौधरी सरांकडे अजून शिकणारा एकजण माझ्या ओळखीचा होता. त्याच्याजवळ सरांना निरोप दिला, वंदनाचा हात सुटला धुळ्यामुळे, पण पुढचा पंच तुमचा होता. तो सरांना भेटून परत आला.

“काय म्हणाले?”

“एवढंच विचारलं, नाक फुटलं का?”

“फुटलं म्हणून सांग,” मी म्हटलं.

माझा पट्टा त्यांनी परत दिला नाही, मीही मागितला नाही. पुढे मी बऱ्याच मुलींना शिकवलं आणि इतर कुणाकडे जाऊ का, असं जिने विचारलं तिला जा म्हटलं. शिष्य कुणाचा, हे गुरूंनी खुशाल भांडून ठरवावं. मनगट धरणारा तोवर थांबत नाही.