तळटीपेतली स्थानिक स्त्री

पनवेलच्या कॉलेजात मी बारा वर्षं एकच नाटक शिकवते आहे. चारशे वर्षांपूर्वीचं, इंग्रजी. एक जादूगार परक्या बेटावर येतो, तिथल्या माणसाला आपली भाषा शिकवतो आणि मग त्याच भाषेत हुकूम सोडून त्याला लाकडं वाहायला लावतो. त्या जादूवर समीक्षकांची पाच मतं आहेत. ती माझ्या नोट्समध्ये असतात, मुलं झेरॉक्स काढतात आणि पेपरात उतरवतात. सहावं, स्वतःचं मत लिहिणाऱ्याला मार्क नाहीत.

तिसऱ्या मताला माझा आवाज चढतो. बेटावरच्या माणसाची जमीन गेली, बोली गेली, हे मी फार तळमळून सांगते. असंच सांगत असताना एकदा मागच्या बाकावरून करंजाची एक मुलगी उठली. तिची आई बंदरावर मासळी विकायची.

"मॅडम, आमच्या गावात भगत हाय. त्याच्याकडं पुस्तक नाय, काय नाय. लोकं घाबरतात म्हनून त्याची जादू चालते. घाबरायचं थांबले, तर तो नुसता म्हातारा."

"हाय, नाय!" मी तिची नक्कल केली. "भगतालाच बोलावू या का शिकवायला?"

वर्ग खदखदून हसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ती बाई मीच.

पोरगी हट्टी. प्रोजेक्टमध्ये तिने तेच लिहिलं, वीस पानं, आणि चांगलं लिहिलं. मी वीसपैकी सात दिले. प्रथम वर्ग आला तर एम.ए., नाही तर कंटेनर यार्डात नोकरी, असं तिच्या घरी ठरलं होतं. हे तिनेच मला सांगितलं होतं, म्हणजे सात देताना मला ठाऊक होतं.

मार्चमध्ये आमच्याकडे चर्चासत्र होतं. माझा निबंध काही केल्या पुढे सरकेना. ती पाच मतं तर सगळ्यांनीच वाचलेली. शेवटी मी तिचा प्रोजेक्ट उघडला आणि भगत उचलला. भाषा शुद्ध केली, आणि प्रामाणिकपणा म्हणून खाली तळटीप दिली: 'मच्छीमार समाजातील एका स्थानिक स्त्रीशी झालेल्या संभाषणावरून.' अध्यक्षांनी भाषणात माझ्या 'मातीतल्या दृष्टी'चं कौतुक केलं. टाळ्या पडल्या.

साडी नेसून पाहुण्यांना फायली वाटणाऱ्या मुलींत तीही होती. फायलीत छापील निबंध होते. चहाच्या वेळी ती माझ्यापाशी आली. हातातलं पान तळटीपेवर दुमडलेलं होतं.

"मॅडम, ही स्थानिक स्त्री म्हंजे मीच ना?"

"अगं, संशोधनात असंच लिहायची पद्धत असते."

"असंल. तळटीप र्‍हाऊ द्या तशीच. पन हे बरोबर हाय म्हनून तुमी छापलं ना? मंग माझे मार्क तेवढे बघा. थोडक्यात जातोय वर्ग."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हात जोडून उभी होती. मार्क वाढवले असते तर ते मत तिचं होतं हे माझ्याच सहीनिशी कबूल झालं असतं, आणि निबंध तर बढतीच्या अर्जाला जोडायचा होता.

"मार्क विद्यापीठात गेले गं. आता माझ्या हातात काही नाही," मी म्हणाले.

"बरं, मॅडम," ती म्हणाली. मग तिने माझा रिकामा कप उचलला आणि विचारलं, "अजून चहा आणू?"

मी हो म्हणाले. ती चहा आणायला गेली, तेव्हा मार्कांचा तक्ता माझ्या पर्समध्येच होता, त्यावर सही व्हायची होती. घरी जाताना मी सात तसेच ठेवून सही केली आणि तक्ता ऑफिसात देऊन टाकला.