सॅल्यूट कुणी, कसा, कधी

सॅल्यूट करायला एक सेकंद लागतो. त्या एका सेकंदावर आम्ही परतूरचे माजी सैनिक कित्येक वर्षं बोलून राह्यलो आणि विषय अजून संपलेला नाही.

रोज सकाळी फिरून आलो की आम्ही शेठच्या कापडदुकानाच्या पायरीवर बसतो. मी पलटणीत क्लार्क होतो, हवालदार म्हणून रिटायर झालो. त्यामुळं मला सगळे ‘बाबू’ म्हणतात आणि लिहायचं काम निघालं की माझ्याकडं ढकलतात. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारीला आम्हाला गावोगावची बोलावणी असतात आणि प्रत्येक झेंडावंदनाहून कुणी ना कुणी एखादा किस्सा घेऊन येतोच. आता ते इतके साचलेत की पायरीवर नवीन माणूस येऊन बसला, तर पहिला कुठला सांगायचा यावरूनच वाद होतो. म्हणून आज क्रम मीच लावतो.

*

आमच्यात सगळ्यात सीनियर टकले साहेब. पायदळातले सुभेदार. त्यांचा नियम एकच. डोक्यावर टोपी नसेल तर हात कपाळाला जाणार नाही. उघड्या डोक्यानं फक्त सावधान.

एका सव्वीस जानेवारीला जाफराबादकडच्या एका खेड्यातून, लेकीच्या सासरहून, त्यांना झेंडावंदनाचं बोलावणं आलं. साहेब आदल्या दिवशी जालन्याला मस्तगडात भाचीकडं मुक्कामाला गेले आणि पहाटेची एसटी धरली. पलटणीची हिरवी टोपी चुरगळू नये म्हणून मांडीवर ठेवलेली. खिडकीची काच नीट बसत नव्हती. एका वळणावर वारा आत घुसला आणि टोपी बाहेर गेली. कंडक्टर म्हणाला, गाडी थांबवतो. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि नको म्हणून सांगितलं.

गावात अख्खी शाळा मैदानात बसलेली. झेंडा उघडला, राष्ट्रगीत सुरू झालं आणि सगळ्या गावाची नजर साहेबांच्या उजव्या हातावर. छातीवर पदकांची रांग, पण हात मांडीला चिकटलेला, तो हललाच नाही. राष्ट्रगीत संपल्यावर कुजबूज सुरू झाली. लेकीचे सासरे तोंड पाडून बसले. शेवटी सरपंचानं हात जोडून विचारलं, की साहेब, आमच्या गावच्या झेंड्याला सलाम करायला काय हरकत होती?

साहेबांनी माइक घेतला. तयार करून आणलेलं भाषण खिशातच राहिलं. पुढचा अर्धा तास त्यांनी गावाला सावधान शिकवलं. टाचा जुळवायच्या, मुठी बंद, नजर समोर. ज्याच्या डोक्यावर टोपी आहे तो हातानं सॅल्यूट करतो, आणि ज्याच्या नाही तो अख्ख्या अंगानं करतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा उभं राहून टाचा जुळवून बघितल्या.

पुढच्या सव्वीस जानेवारीला त्याच गावानं पुन्हा बोलावलं. या वेळी मी पण सोबत गेल्तो. शाळेला लागूनच कपाशीचं रान, शेवटची वेचणी चालू होती. इकडं राष्ट्रगीताचा पहिला शब्द निघाला आणि तिकडं रानात दहा-बारा बाया होत्या तिथं ताठ झाल्या. कापसानं भरलेल्या ओट्या पोटाशी बांधलेल्या, पण मुठी बंद आणि नजर समोर. राष्ट्रगीत संपेपर्यंत त्या रानात कुणी हललं नाही.

परतीच्या गाडीत साहेबांनी जालना येईपर्यंत नवी टोपी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मंग म्हणाले, “बाबू, माझ्या कंपनीची परेड बी कधी इतकी बराबर झाली न्हाई.”

*

शेठचे पणजोबा राजस्थानातून आले आणि परतूरच्या बाजारात टिकले. शेठ आता पंच्याहत्तरीच्या पुढं, अजून धोतर नेसतात, आणि बोलतात मात्र आमच्यासारखंच. फौजेत त्यांच्या घरातलं कुणी नाही. पण झेंडा बघितला की यांचा हात आपोआप कपाळाला जायचा. टकले साहेबांनी त्यांना एकदा बाजूला घेऊन सांगितलं, की शेठ, तुमच्यासाठी सावधान.

शेठना वाईट वाटलं, पण शिकायचं म्हणून शिकले. दुकान उघडायच्या आधी रोज दहा मिनिटं साहेब त्यांना रस्त्यावर उभं करायचे. टाचा जुळल्या, छाती पुढं आली, पोट मागं गेलं नाही, त्याला इलाज नव्हता. मंग साहेब म्हणाले, अंगठा पँटच्या शिवणीवर ठेवा.

शेठनी खाली बघितलं. “साहेब, धोतराला शिवण कुठं असते?”

आयुष्यभर हजारो पोरांना सावधान शिकवलेले साहेब चहा न घेता घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते थेट शेठपुढं उभे राहिले आणि म्हणाले, “तुमचा अंगठा पडंल तिथं शिवण.”

*

एक घरचा. दर सव्वीस जानेवारीला टीव्हीवर दिल्लीची परेड लागते. माझ्या पलटणीची तुकडी आली की मी उभा राहतो. एका वर्षी वळून बघतो तर बायको पण उभी, हातात निवडायला घेतलेली मेथी. मी म्हणालो, तू बस, तुला उभं राहायची गरज नाही.

ती टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली, “तुम्ही अठरा वर्षं तिकडं उभे होतात, तेव्हा मी इकडं बसून होते का?”

तेव्हापासून आम्ही दोघं उभे राहतो.

*

आता जगदाळे. हे आमचे नेव्हीवाले. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकरनं पाणी येतं, त्या गावाचा माणूस वीस वर्षं जहाजावर होता. लष्करातला सॅल्यूट तळवा समोर दाखवून असतो. नेव्हीचा तसा नसतो, त्यांचा तळवा खाली, जमिनीकडं वळलेला असतो. हे आम्हाला माहीत, गावाला कुठून माहीत असणार?

एका पंधरा ऑगस्टला जगदाळेंच्याच गावात आम्ही सगळे गेल्तो. झेंड्याच्या आधी तालीम चालली होती. खेळाच्या शिक्षकांनी जगदाळेंचा हात बघितला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की काका, हात चुकला, तळवा पुढं करा. पोरं हसली. जगदाळे चिडले नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं, की पूर्वी जहाजावर डांबर लावलेले दोरखंड ओढून खलाशांचे तळवे काळे व्हायचे. असा मळका हात वरिष्ठांना दाखवायला नको म्हणून तळवा खाली धरतात, असं आमच्याकडं सांगतात. शिक्षकांनी माफी मागितली आणि ते पोरांना परत सांगितलं.

हे ऐकणाऱ्यांत जगदाळेंचे वडील होते. नव्वदीला टेकलेला माणूस, सोयाबीनमधली खुरपणी अर्धी टाकून आल्ता. डोक्याला पांढरी टोपी, हात चिखलानं भरलेले. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत सुरू झालं आणि म्हाताऱ्यानं हळूच उजवा हात कपाळाला नेला. तळवा खाली, लेकासारखा.

टकले साहेबांनी ते बघितलं. मला वाटलं, आता कार्यक्रम संपला की हे त्यांना सावधान शिकवणार. साहेब उठले पण, त्यांच्यापर्यंत गेले, नमस्कार केला आणि परत येऊन बसले. मी विचारलं, सांगितलं का?

“काय सांगू?” साहेब म्हणाले. “टोपी होती. अन् हात खरंच मळलेले होते.”

*

पुढच्या किस्स्यात साहेबांचीच परीक्षा झाली.

आमच्या गल्लीत एक बाई भावाकडं राहायला आल्या होत्या. शेजारपाजारच्यांना इंजेक्शन द्यायच्या, बीपी बघायच्या, म्हणून सगळे त्यांना ‘सिस्टर’ म्हणायचे. इतकंच माहीत होतं. त्या वर्षी झेंडावंदनाला त्या पांढऱ्या साडीत आल्या. पुढची रांग माजी सैनिकांची. तिथं उभ्या असलेल्या कार्यकर्त्यानं त्यांना अदबीनं सांगितलं, की वीरपत्नींच्या खुर्च्या तिकडं आहेत. त्या तिकडं जाऊन बसल्या.

टकले साहेबांचं लक्ष त्यांच्या पदराकडं गेलं. तीन पदकं, डाव्या बाजूला लावलेली. आता यातला कायदा असा, की स्वतःची पदकं डावीकडं लावायची आणि गेलेल्या माणसाची पदकं घरच्यांनी उजवीकडं. साहेबांना वाटलं, बाईंना कुणी सांगितलेलं नसेल. चारचौघांत अपमान नको म्हणून ते वाकून अगदी हळू बोलले, की ताई, मालकांची पदकं उजवीकडं लावतात.

“मालकांची असती तर उजवीकडंच लावली असती, साहेब,” त्या म्हणाल्या. “ही माझी आहेत. मेजर खरात, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस.”

आम्ही त्यांच्या रांगेपासून वीस पावलांवर होतो. तिथं आम्हाला टाचांचा आवाज ऐकू आला. साहेबांच्या डोक्यावर टोपी होती. असा कडक सॅल्यूट मी त्यांचा त्याआधी कधी बघितला नव्हता. मॅडम उठल्या, सावधान झाल्या आणि म्हणाल्या, “जय हिंद, साहेब.”

कार्यकर्ता घाबरून पुढच्या रांगेतली खुर्ची घेऊन आला. मॅडमनी नको म्हटलं. शेजारच्या एका वीरपत्नीचा हात त्यांच्या हातात होता, आम्ही इथंच बऱ्या, म्हणाल्या. साहेब परत आले आणि त्यांनी आम्हाला उठायला सांगितलं. आम्ही सगळे आपापली खुर्ची उचलून तिकडं गेलो. सुभेदारापेक्षा मेजर सीनियर, आणि जिथं सीनियर, तिथंच रांग लागणार. तेव्हापासून परतूरला माजी सैनिक बायकांच्या बाजूला बसतात आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांना त्याचं कारण कळत नाही.

*

शेवटचा उस्मानभाईंचा. शेख उस्मान, नाईक, तोफखान्यातले. तोफांनी त्यांचे दोन्ही कान नेले. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना थोडंफार कळतं, बाकी खाणाखुणा. सहा फूट उंची, त्यामुळं आमच्या रांगेत उजवीकडून पहिले तेच. सावधान झाले की नजर फक्त समोर, शेजारी कोण काय करतंय ते त्यांना दिसणारच नाही.

त्या सव्वीस जानेवारीला एका शाळेच्या मैदानावर कार्यक्रम होता. झेंडा फुलांसकट वर गुंडाळून बांधलेला. पाहुण्यांनी दोरी ओढली, झेंडा उघडला नाही. गाठ घट्ट बसली होती. पाहुणे ओढत राहिले. स्पीकरवाल्याला वाटलं, उघडलाच असणार, त्यानं राष्ट्रगीत लावलं. आता करायचं काय? टकले साहेबांनी हुकूम दिला आणि आमचे हात कपाळाला गेले. उस्मानभाईंच्या डोक्यावर टोपी होती, पण त्यांचा हात गेला नाही. राष्ट्रगीत सुरू झालं, संपलं, तरी ते मुठी बांधून ताठ उभे.

आम्ही हात खाली घेतले. लोक बसायला लागले. माझ्या मागं कुणीतरी मोबाईल काढून शूटिंग करून राह्यलं होतं.

“त्या म्हाताऱ्यानं हात उचलला न्हाई, बघितलं का?”

दुसऱ्यानं विचारलं, “नाव काय त्याचं?”

माझे कान तापले. टकले साहेबांनी पण ते ऐकलं, त्यांच्या जबड्यावरून मला कळलं. उस्मानभाईंना काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांची नजर वरच्या त्या गाठोड्यावर.

तेवढ्यात स्पीकरवाल्यानं मंडपाची शिडी लावली आणि स्वतःच वर चढला. काठीनं गाठ ढोसली. दोनदा, तीनदा. मंग फुलं खाली पडली आणि झेंडा उघडला. खाली राष्ट्रगीत परत लावायला कुणी नव्हतं. मैदानात आवाज नाही.

उस्मानभाईंचा हात वर गेला. एकटा. ओठ हलत होते, राष्ट्रगीताची एकेक ओळ पुरी म्हणत, न गडबडता. टकले साहेबांनी एक क्षण त्यांच्याकडं बघितलं आणि हळू आवाजात आम्हाला पुन्हा हुकूम दिला. आमचे हात गेले. मॅडम उभ्या राहिल्या, वीरपत्नी उभ्या राहिल्या, शेठ उभे राहिले, मंग मागं खुर्च्या वाजत वाजत सगळं मैदान उभं राहिलं. शिडीवरचा स्पीकरवाला एका हातानं दांडी धरून तिथंच ताठ झाला. आम्ही सगळे एका माणसाच्या ओठांकडं बघून उभे होतो. त्यांचे ओठ थांबले, हात खाली आला, तेव्हा आमचे आले.

मी मागं वळून बघितलं. मोबाईल खिशात गेल्ता.

टकले साहेब रांग मोडून उस्मानभाईंच्या समोर गेले. कपाळाला हात लावून दाखवला, मंग स्पीकरकडं बोट केलं, मंग पंजा उलटा करून विचारलं, की तेव्हा का नाही केला?

उस्मानभाईंना वाटलं, साहेबांना खरंच कळलेलं नाही. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते बोलले, सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

“तवा वर गाठ होती, साहेब. गाठीला कसा सॅल्यूट करू?”