पाठीवर नामदेव होता

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमची पलटण काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेजवळ गेली. मी नाईक होतो. नाईक म्हणजे शिपायाच्या वर आणि हवालदाराच्या खाली. आमच्या सेक्शनमध्ये हवालदारानंतर जबाबदारी माझ्यावर असे. गाव काटेवाडी, तालुका बारामती. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. वडिलांनी, म्हणजे आबांनी, कॅनॉलचं पाणी आल्यावर ऊस धरला आणि म्हशी पाळल्या. मी फौज धरली.

पोस्ट डोंगराच्या धारेवर होती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज उभं राहायचं, मग शस्त्रांची सफाई, मग पाणी आणि रेशन वर आणायचं. खेचरं खालच्या कॅम्पपर्यंतच येत. तिथून पुढं पीठ, रॉकेल, दारूगोळा सगळं आमच्या पाठीवर. कंबर सगळ्यांचीच दुखायची. त्याचं कुणी काही मानत नसे.

सेक्शनमध्ये माझ्या भागातला एकच जवान होता. शिपाई नामदेव, गाव बावडा, तालुका इंदापूर. घरचा भाजीपाल्याचा मळा. या गड्यानं बंकरच्या दाराशी तुपाच्या रिकाम्या डब्यात मेथी लावली होती. थंडीनं ती दोनदा मेली. त्यानं तिसऱ्यांदा लावली. बाकीच्यांसमोर तो मला नाईकसाब म्हणायचा, एकटे असलो की किसनदा.

फेब्रुवारी संपत आला होता. आम्ही सकाळी पेट्रोलवर निघालो. रूट नेहमीचा होता. दुपारी परतताना समोरच्या उतारावरून फायर आला. आम्ही आडोसा घेतला आणि उलट फायर दिला. फायर जसा अचानक सुरू झाला तसा थांबला. मी मागं बघितलं. नामदेव खडकाला टेकून बसला होता. बरगड्यांच्या खाली जर्सी भिजली होती.

रेडिओ ऑपरेटरनं सेट घेतला.

"चार्ली, चार्ली. एक कॅजुअल्टी. गोली पेट में. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"मौसम बंद है. हेलिकॉप्टर नहीं आएगा. कॅजुअल्टी को नीचे लाओ. ओव्हर."

जखमेवर फील्ड ड्रेसिंग बांधलं. स्ट्रेचर काही अंतर चाललं. पुढं वाट इतकी अरुंद झाली, की स्ट्रेचर वळवता येईना. मग पाळीपाळीनं पाठीवर घ्यायचं ठरलं. नाल्याच्या उताराला माझी पाळी आली. नाल्यातलं बर्फ जुनं होतं, काचेसारखं. माझा बूट सरकला. आम्ही दोघं खाली गेलो. नामदेवला वर ठेवायचं म्हणून मी खाली राहिलो आणि कंबरेवर खडकावर आदळलो. पाठीत काहीतरी फुटल्यासारखं झालं. उजव्या पायात वीज उतरली.

जवान मदतीला येईपर्यंत मी नामदेवला पुन्हा पाठीवर घेऊन गुडघ्यावर उठलो होतो.

"किसनदा, खाली ठेवा मला," नामदेव कानाशी बोलला. "तुमच्या पाठीत काय तरी मोडलं. आवाज आला."

"गप पड."

"तुमची पाठ जाईल दादा."

"बोलू नको. दम धर."

त्यानं पाणी मागितलं. पोटातली गोळी, पाणी देता येत नव्हतं. मी मुठीतलं बर्फ त्याच्या ओठांना लावलं. त्यानंतर तो बोलला नाही. त्याचा श्वास मात्र मला मानेवर कळत होता. एका वळणावर तोही कळेनासा झाला. मी पाळी कुणाला दिली नाही, चालत राहिलो. एड पोस्टवर, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी नाडी बघितली आणि मान हलवली. त्याला उतरवल्यावर मला सरळ उभं राहता येईना.

मला बेस हॉस्पिटलला पाठवलं. नामदेवला बावड्याला दुसरे जवान घेऊन गेले. आमच्या कंपनी कमांडरसाहेबांनी त्यांना बजावलं होतं, घरच्यांना सांगा, जागीच गेला, त्रास झाला नाही. साहेबांचा हेतू चांगला होता.

पुढं मला लो मेडिकल कॅटेगरी मिळाली, म्हणजे फक्त हलकं काम. स्टोअरमध्ये ड्यूटी केली. शेवटी मेडिकल बोर्ड बसलं, फौजेतून मोकळं केलं आणि मी काटेवाडीला परत आलो.

मणक्याचं दुखणं बाहेरून दिसत नाही. हात तुटलेला असता तर लोकांनी बसायला जागा दिली असती. माझी छाती रुंद, चाल फौजी. दुधाचा कॅन उचलायला मी बायकोला हाक मारायचो, तेव्हा डेअरीवरची माणसं एकमेकांकडं बघायची. सुमन, माझी बायको, निमूट कॅन उचलायची. ट्रॅक्टरवर बसलं की कंबरेतून कळ निघायची आणि मांडीच्या मागून थेट अंगठ्यापर्यंत जायची. वाकडं बसून बसून मानही धरली. माळेगावला एकाकडं पाठ चोळून घेतली. पट्टा बांधला. बारामतीला वजनं लावून कंबर ताणून घेतली. चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

या काळात मी दोनदा बावड्याला निघालो. दोन्ही वेळा इंदापूरच्या स्टँडवर उतरलो, चहा घेतला आणि परतीची एसटी धरली. नामदेवच्या वडलांना तात्या म्हणतात एवढं ऐकून होतो. त्यांच्यासमोर जागीच गेला म्हणायचं, की खरं सांगायचं, ते मला ठरवता येत नव्हतं.

मग एक दिवस कॅनॉलच्या कडेनं आम्ही दोघं घराकडं येत होतो. सुमन मागून म्हणाली, "अवं, थांबा. तुमची चप्पल तितं मागंच राह्यली."

मी खाली बघितलं. उजवा पाय अनवाणी होता. तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता. मला चप्पल गेलेली कळली नव्हती, काटाही कळला नव्हता. मी पंजा वर उचलायला गेलो. तो उचलेना.

बारामतीच्या डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली, अंगठा वर ओढायला लावला. म्हणाले, "मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसली आहे. गोळ्यांचं काम संपलं. पुण्याला जा, ऑपरेशनचं विचारा. उशीर केलात तर पाय असाच लोंबकळत राहील."

घरी आबा तयार होईनात. माळेगावच्या कारखान्यातल्या त्यांच्या एका दोस्ताची पाठ पूर्वी उघडली होती. तो माणूस पुढं बरीच वर्षं बाजेवर होता.

"मणक्याला सुरी लावली की माणूस हातचा जातो," आबा म्हणाले. "हाय तसा ऱ्हाऊ दे. निदान हिंडतोय तरी."

"कुठं हिंडत्यात?" सुमन सासऱ्यांसमोर कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. "पाय तसाबी हातचा चाललाय न्हवं आबा? मग कशाची वाट बघायची?"

आबा उठून गोठ्यात गेले. सुमननं माझी पिशवी भरली.

पुण्याच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये मोठ्या मशिनमध्ये निजवून पाठीचे फोटो काढले. सर्जन लेफ्टनंट कर्नल होते, मराठी माणूस. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि बोट ठेवून दाखवलं. मणके पांढुरके, मधल्या गाद्या, आणि एका ठिकाणी काळपट फुगा मागं आलेला.

"हा तुकडा काढायचा," ते म्हणाले. "पूर्वी यासाठी पाठ बरीच उघडावी लागायची. आता बोटाच्या पेराएवढा छेद घेतो. स्नायू कापायचे नाहीत, बाजूला सारायचे. मायक्रोस्कोपमधून नस बघायची आणि तिच्यावरचा भार काढायचा. दुसऱ्या दिवशी उभं करतो."

"आणि चुकलं तर, सर?"

"नसेला इजा होऊ शकते. पाय आणखी जाऊ शकतो. क्वचित होतं. होतच नाही असं मी सांगणार नाही." मग त्यांनी विचारलं, "दुखणं सुरू कशानं झालं?"

"लोड उचलताना, सर. पडलो."

"कसला लोड?"

फौजेत पाठीवरच्या सगळ्यालाच आम्ही लोड म्हणतो. तो शब्द माझ्या तोंडून सहज गेला.

"जवान होता, सर. जखमी."

त्यांनी फिल्म खाली ठेवली. "वाचला?"

"नाही, सर."

त्यांनी ऑपरेशनची यादी जवळ ओढली आणि वर माझं नाव लिहिलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा."

सकाळी ट्रॉलीवर निजवून नेताना मी पांगळा होण्याला भ्यायलो, हे खरं आहे. आणखी एक भीती होती. ती मी सुमनलाही सांगितली नव्हती. त्या नाल्यातून नामदेवला खाली आणल्याचं माझ्याजवळ काय उरलं होतं? हे दुखणंच. उठताना, बसताना, कूस बदलताना तो मला आठवायचा, कारण दुखायचं. आता ते काढून टाकायला निघालो होतो. मन सांगत होतं, परत फिर. पण सुमन ट्रॉलीच्या कडेला धरून चालत होती. तिच्या हातांना दुधाचे कॅन उचलून उचलून घट्टे पडलेले. मी ट्रॉलीवर पडून राहिलो.

जाग आली तेव्हा वॉर्डात ऊन आलं होतं. पायातली कळ नव्हती. मी ती शोधली. मांडीत, पिंढरीत, अंगठ्यात. कुठंही नव्हती. पाठीला छोटी पट्टी होती, तिथं फक्त चुरचुरत होतं.

ड्यूटीवरच्या सिस्टर, कॅप्टनमॅडम, जवळ आल्या. "दर्द है?"

"नहीं, मॅडम."

"फिर रोते क्यों हो?"

मी तोंड भिंतीकडं केलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चादर नीट केली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उभं केलं. पंजा थोडा उचलला गेला. पुढं व्यायामानं आणखी उचलला. पूर्ण कधीच नाही. अजूनही पायरी चढताना उजव्या पायाकडं बघावं लागतं, आणि थंडीत कंबर आखडते. पण चाकू खुपसल्यासारखी ती कळ परत आली नाही.

घरी येऊन आठवडा झाला असेल. अंगणात धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ आले. हातात पिशवी, तिच्यात मळ्यातली वांगी आणि गवार.

"किसनराव हितंच ऱ्हात्यात का? मी बावड्यावरनं आलोय. नामदेवचा बाप."

मी बाजेवरून उठायला लागलो.

"पडा, पडा. नका उठू. आपरेशन झालं म्हणून एका फौजी पोराकडनं कळलं. नामदेवच्या पलटणीतलं तुमी, म्हणलं बघून यावं." ते बाजेच्या कडेला टेकले. "काय झालं हुतं पाठीला?"

शेजारी बसलेले आबाच बोलून गेले, "फौजेत वझं उचाललं त्यानं."

"कसलं वझं?"

सुमन चहा घेऊन दारात थांबली. मला वाटलं, आता खोटं बोलायचं तर हीच वेळ आहे. जमलं नाही.

"तात्या, नामदेव हुता."

तात्या माझ्याकडं बघत राहिले. "त्याला आणणारी पोरं तर म्हणाली हुती, जागीच गेला."

"न्हाय, तात्या. काही वेळ हुता. गोळी लागली, मी त्याला पाठीवर घेतला. नाल्यात पडलो दोघं. पुन्हा घेतला."

"शुद्धीत हुता?"

"व्हय."

"बोलला काय?"

"म्हणाला, खाली ठेवा दादा, तुमची पाठ जाईल."

"आन तुमी?"

"न्हाय ठेवला."

तात्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. आबा खाली बघत होते. मला वाटलं, मी या माणसाच्या मुलाचं मरण दुसऱ्यांदा त्याच्या घरी नेलं.

"मला वाटायचं," तात्या म्हणाले, "बरफात एकटाच पडला आसंल. रोज त्येच दिसायचं. कुणी जवळ हुतं का न्हाय, कुणाला इचारणार?" त्यांनी डोळे पुसले. "एकटा न्हवता मग."

"न्हाय, तात्या. शेवटपर्यंत एकटा न्हवता."

"बघू पाठ."

मी कुशीवर वळलो आणि सदरा वर केला. त्यांनी त्या बारीक व्रणावर हात ठेवला. बोटं खरखरीत होती, मातीत राबलेली.

"हितं हुता?"

"व्हय. हितंच."

त्यांनी बराच वेळ हात काढला नाही. सुमनच्या हातातला चहा गार झाला. शिपाई नामदेव चोवीस वर्षांचा होता.