उंदरांचं पोट, माणसाचे पाय

आमचे हे प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करतात. एकोणीस वर्षं झाली. माझा वाढदिवस कधी ते विचारा, छताकडे बघत बसतील. पण कुठल्या पिंजऱ्यात किती पिल्लं आणि ती कधी जन्मली, झोपेतसुद्धा सांगतील.

तिथल्या साहेबांचा विषय एकच, उंदराचं पोट. पिल्लू तीन दिवसांचं झालं की त्याच्या छातीतली एक ग्रंथी काढतात. मग काही महिन्यांनी बऱ्याच उंदरांचं शरीर स्वतःच्याच जठरावर उठतं. कुंपणानंच शेत खायचं, तसलं. जठर सुजतं, रक्त कमी होतं. साहेब हे जगभर फिरून सांगतात आणि पिंजरे धुतात आमचे हे.

दोन वर्षांपूर्वी ह्यांचं जेवण कमी झालं. चेहऱ्याचा रंग उडाला, जीभ लाल नि गुळगुळीत झाली, पायांना मुंग्या यायला लागल्या. म्हटलं, "डॉक्टरकडे चला." तर म्हणे, "ॲसिडिटी आहे गं. मी रजा टाकली तर उंदरांना कोण बघणार?" बरं, साहेबांच्या समोरून दिवसातून दहादा जायचे! साहेबांनी एकदाच विचारलं म्हणे, "थकलेला दिसतोस. चार नंबरची पिल्लं बरी आहेत ना?"

शेवटी माझं डोकं फिरलं. हे प्रत्येक पिंजऱ्याला एक कार्ड लावतात. वजन, खाणं, चाल, सगळं त्यावर लिहायचं. घरात कोरी कार्डं पडलेलीच होती. एक घेतलं आणि त्यावर ह्यांचीच माहिती भरली, फक्त नाव तेवढं लिहिलं नाही. खाणं निम्मं. जीभ गुळगुळीत. चाल अडखळती. वजन चौपन्न हजार ग्रॅम. तडक जाऊन साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

साहेबांचे डोळे चमकले. "वा! जठरच हे. बी-बारा जीवनसत्त्व शोषलं जात नाहीये, दुखणं पार नसांपर्यंत पोचलंय. फारच छान नमुना!" मग बोट वजनावर थबकलं. "एवढा उंदीर?"

"तुमचे पिंजरे धुतात ना, ते," मी म्हटलं.

जरा वरमले. पण जित्याची खोड जाते कुठे! "त्यांच्या जठराचा छोटासा तुकडा मिळेल का तपासायला?"

"आधी चांगल्या डॉक्टरचा पत्ता द्या," मी म्हटलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, नळी घालून पोट पाहिलं. रोग तोच निघाला. इंजेक्शनं सुरू केली. "रक्त भरून येईल," ते म्हणाले. "पायांचं मात्र सांगता येत नाही. फार उशीर केलात. कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

"साहेबांनी ओळखलं ना! एका नजरेत!" हे छाती फुगवून म्हणाले.

मी इंजेक्शनांची चिठ्ठी पिशवीत टाकली. दवाखान्यातून निघालो तेव्हा हे पुढे, मी मागे. ह्यांचं साहेबपुराण चालूच होतं. डाव्या पायातली चप्पल दारातच निसटून पडली होती. तापलेल्या रस्त्यावर अनवाणी पाय पडत होता आणि ह्यांना त्याचा पत्ताच नव्हता. चप्पल उचलून मी धावले, आणि भर रस्त्यात मला रडू फुटलं.