रिकामं बोट

१९७८ साल. मी एकसष्ट वर्षांचा. माझी बायको कौसल्या जाऊन महिना झाला. मी दुसरी शिकलेला, पण हे दुसऱ्या कोणाकडून लिहून घेणार नाही.

तिचे कान आधीच गेले होते, मग साखरेनं डोळेही नेले. तेव्हापासून ती माणसं बोटावरून ओळखायची. आलेल्याचा हात हाती घ्यायची, अंगठीवरून अंगठा फिरवायची अन् सांगायची... रुंद पट्टी, वर चपटा शिक्का, त्यात अक्षर कोरलेलं, म्हणजे जावई. दोन वेढ्यांचा नाग, फणा नखाकडे, म्हणजे आमचा नोकरीवाला पोरगा गणपत. माझ्या वहिनीच्या अंगठीत फूल होतं, पाकळ्या वर आलेल्या. "टोचते वं बाई, तुमच्या बोलण्यावानीच," असं म्हणून वहिनीलाच हसवायची. मी विणकर. मागावर बसणारा अंगठी घालत नाही, सूत अडकतं. माझा हात आला की ती नुसतं म्हणायची, रिकामं बोट, म्हणजे घरचा धनी.

दवाखान्यात मात्र सगळेच रिकाम्या बोटांचे. डॉक्टर, नर्स, सलाईन लावणारे... त्यात तापानं तिची बोटं सुजलेली. शेवटच्या दिवशी दुपारी मी हात दिला, तर म्हणाली, "डाक्टरसाहेब, आता सुई नका टोचू. माह्या मानसाले बोलवा."

मी कानाशी तोंड नेऊन ओरडलो. तिचा हात माझ्या गालावर ठेवला, तर परका पुरुष समजून तिनं तो ओढून घेतला. गणपतला वाटलं, बोटात काही असलं तर निदान डॉक्टर तरी समजणार नाही. त्यानं आपली अंगठी काढून माझ्या बोटात सरकवली. तिनं नाग चाचपला, फणा चाचपला, अन् तिचा चेहरा जरासा निवला.

"गणपत, तू कवाचा बसला बाप्पा? तुह्या बापाले बोलाव ना. काहून येऊन नाही राहिले ते?"

गणपत खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी काय करू... अंगठी काढावी तर डॉक्टर, ठेवावी तर पोरगा. जन्मात कोणापुढे हात जोडले नाहीत. त्या दिवशी जोडायला तयार होतो, पण कोणापुढे जोडायचे तेच समजेना. तिचा हात धरून तिचा पोरगा होऊन बसून राहिलो. दिवस कलता कलता ती गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सक्करदऱ्याला तिच्या मोठ्या बहिणीकडे गेलो. गुडघ्यांनी ती खाटेला खिळलेली, तिला मयतीला येता आलं नव्हतं. मला खाटेजवळ बसवून म्हणाली, "भाऊ, माही बहीण जाताना काही बोलली का?"

"बोलली ना," मी म्हटलं. "शेवटपर्यंत मलेच बोलावून राहिली होती."